आठ म्हणते नऊला विचार

रश्मी साळवेला कुलथे इन्स्ट्रुमेंट्समध्ये लागून आठ महिने झाले होते, आणि आपण नेमकं काय काम करतो हे तिने घरी निदान पाच वेळा समजावून सांगितलं होतं. वडील बन्सी साळवे नगरच्या एमआयडीसीतच एका कारखान्यात टर्नर. लोखंडावरून केसाइतका पापुद्रा उतरवणारा माणूस. पण लेकीचं काम हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्यांची पंचाईत.

“म्हणजे पेट्या एकमेकींशी बोलतात,” ते म्हणायचे, “आणि काय बोलायचं ते तू लिहितेस.”

“काय बोलायचं ते नाही, पप्पा. कुणाच्या मार्फत बोलायचं ते.”

“मग मध्यस्थ झालीस की तू!” आणि ते मोठ्याने हसायचे. भाकरी थापता थापता आई, विमलबाई, मध्येच तोंड घालायची, “मग गल्लीतली लग्नं जमवायला घे म्हणावं. दहा पोरं बसून हायेत.”

मध्यस्थी म्हटली तर होतीच. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याच्या एका शाखेवर नऊ चौक्या होत्या. प्रत्येक चौकीवर कालव्याच्या पाण्याची पातळी मोजायची आणि ती दर पाच मिनिटांनी राहुरीच्या पाटबंधारे ऑफिसात पडद्यावर दिसली पाहिजे, असं ते काम. राधाकृष्ण कुलथे सरांनी ते हिमतीने घेतलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये सात माणसांची कंपनी. पण सर बोलायला लागले की सत्तर माणसांची वाटायची. प्रत्येक चौकीवर एक लोखंडी पेटी बसवली. तिच्यात छोटा रेडिओ, बॅटरी आणि बोटाएवढी एक चिप. वर छतावर सोलर प्लेट. रेडिओ असा अशक्त की फार तर पुढच्या चौकीपर्यंत आवाज पोचायचा. म्हणून नऊ नंबरने आठला सांगायचं, आठने सातला, सातने सहाला, असं करत निरोप राहुरीला पोचवायचा.

पण कुणी कुणाला सांगायचं हे पक्कं बांधून ठेवलेलं नव्हतं. तेच रश्मीचं काम. प्रत्येक पेटी दर मिनिटाला शेजाऱ्यांना सांगायची, “माझ्याकडून ऑफिस इतक्या टप्प्यांवर आहे.” ज्याचा आकडा कमी, त्याच्या हाती निरोप द्यायचा. उद्या चौकी हलवली, नवी पेटी मध्ये बसवली, तरी पेट्या आपली वाट आपण शोधतील. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंप्युटरांत याला राउटिंग म्हणतात आणि तिथे त्याला ऐसपैस जागा असते. इथे सगळं आठ किलोबाइटच्या चिपमध्ये कोंबायचं होतं. रश्मीने कोंबलं. शेडमधल्या लांब टेबलावर नऊ पेट्या मांडून महिनाभर चालवल्या. एकही निरोप हरवला नाही. सरांनी सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

एप्रिलमध्ये, सत्त्याण्णव सालच्या उन्हाळी पाळीचं पाणी सुटायच्या आधी, पेट्या चौक्यांवर बसल्या. आणि तिसऱ्या दिवसापासून घोळ सुरू झाला.

सकाळी सगळं छान. नऊच्या नऊ आकडे पडद्यावर. दुपारी दोन-अडीच वाजले की पाच नंबरच्या पुढचं सगळं गायब. उरलेले आकडेही अडखळत यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळं सुरळीत, जसं काही झालंच नाही.

“उन्हाने,” रश्मी म्हणाली. “दुपारी पेटी तापते. कुठेतरी डाग सुटत असणार. सोल्डरिंग बघायला पाहिजे.”

हे ती बोलली ते आसारामच्या समोर. आसाराम कंपनीचा फिटर. वय पन्नाशीकडे झुकलेलं, हातात बावीस वर्षांची कला. त्याच्या डागाला नाव ठेवणं म्हणजे सुगरणीच्या पुरणपोळीत खडा निघाला म्हणण्यासारखं. त्या दिवसापासून तो तिला ‘रश्मी’ऐवजी ‘मॅडम’ म्हणायला लागला आणि चार वाजताचा चहा एकटाच प्यायला लागला.

दोघं त्याच्या एम-एटी मोपेडवरून दोनदा कालव्यावर जाऊन आले. पहाटे निघायचे, दहा-साडेदहापर्यंत सगळ्या पेट्या उघडून बघायचे, ऊन चढायच्या आत परत फिरायचे. एकही डाग सुटलेला नव्हता. आसाराम प्रत्येक पेटीचं झाकण लावताना फक्त “हं” म्हणायचा. त्या एवढ्याशा ‘हं’ने रश्मीचे कान तापायचे.

इकडे कुलथे सरांनी साहेबांची तारीख घेऊन टाकली. बारा मे. कार्यकारी अभियंता स्वतः राहुरीला येऊन बघणार, पसंत पडलं तर आणखी दोन शाखांचं काम.

“सकाळी अकराची वेळ ठेवतो,” सर म्हणाले. “दीडला जेवण. दोन वाजता साहेब गाडीत.”

“सर, पण दोन वाजता तर...”

“म्हणूनच.”

सरांनी टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उगाच उचलून ठेवला. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. एवढं रश्मीला कळलं. पण आपण लिहिलेलं दुपारी दोनच्या आत झाकून न्यायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी ती आसारामला म्हणाली, “काका, आज आपण दुपारी जाऊ.”

“मे म्हैना हाय, मॅडम.”

“म्हणूनच.”

आठ नंबरच्या चौकीसमोर एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली दोघं बसले. रश्मीने एक हातात मावणारा रेडिओ आणला होता; त्याला दोन ओळींचा छोटा पडदा. आसपासच्या पेट्या काय बोलतात ते त्याच्यावर दिसायचं. दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत सगळं शहाण्यासारखं. नऊ आठला सांगते, आठ सातला. मग सात नंबर बोलायची बंद झाली.

“गेली,” रश्मी म्हणाली.

आणि मग आठ आणि नऊमध्ये जे सुरू झालं ते बघून तिने डोळे चोळले. आठला सात ऐकू येईना. पण नऊ म्हणत होती, माझ्याकडून ऑफिस नऊ टप्प्यांवर आहे. आठ म्हणाली, अरे वा, मग माझ्याकडून दहा. नऊने ते ऐकलं आणि म्हणाली, मग माझ्याकडून अकरा. आठ म्हणाली बारा. आणि निरोप? आठ तो नऊच्या हातात द्यायची, नऊ तोच परत आठच्या हातात. रेडिओतून टर्र-टर्र, टर्र-टर्र असा अखंड आवाज. दर मिनिटाला एकेक टप्पा वाढत होता. झाडाची सावली सरकली, तशी ही दोघंही दोनदा सरकली. पडद्यावर एकतीस आलं, बत्तीस आलं.

आसाराम न राहवून जवळ सरकला. “काय म्हंत्यात?”

“नऊ म्हणते ऑफिस तेहतीस टप्प्यांवर आहे.”

“सगळ्या मिळून पेट्याच नऊ हायेत की.”

“तेच तर! काका, नऊला वाट होती ती आठकडूनच. आता आठ तिलाच विचारते, आणि ती आठच्याच भरवशावर ‘आहे वाट’ म्हणते. आठ म्हणते नऊला विचार, नऊ म्हणते आठला विचार.”

आसारामने मांडीवर थाप मारली. “म्हंजे तहसील कचेरी झाली ही!” आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच तो तिच्या तोंडासमोर हसला.

रश्मीही हसली, आणि हसता हसता थांबली. चूक डागात नव्हती, उन्हात नव्हती. चूक तिची होती. टेबलावर तिने नऊच्या नऊ पेट्या चालू ठेवून तपासलं होतं; मधलीच एक मेली तर काय, हे कधी बघितलंच नव्हतं. आणि ‘वाट नाही’ असं पेटीने कधी समजायचं, तर दोनशे पंचावन्न टप्पे झाल्यावर. मोठा आकडा बरा, असं वाटून तिनेच तो ठेवला होता. तिथवर मोजत जायला या दोघींना चार तास लागणार होते. तोवर त्यांच्या बडबडीत शेजारच्या पेट्यांनाही बोलायला फट मिळत नव्हती, कारण सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एकच; निरोप पुढच्या चौकीपर्यंतच कळायचा, पण गोंगाट त्याच्याही पलीकडे जायचा.

“काका,” ती म्हणाली, “मी तुमच्या कामाला नाव ठेवलं. चुकलं माझं.”

“आसूं दे,” आसाराम म्हणाला. मग थोडं थांबून, “पण लई लागलं हुतं बरं का, रश्मी.”

आता सात नंबर का मेली ते बघायचं राहिलं होतं. एम-एटी कालव्याच्या भरावावरून धूळ उडवत सातच्या चौकीशी आली. इथला पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा, कानिफनाथ पाण्यावर गेला होता. त्याची बायको छबूबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. आसाराम शिडी लावून छतावर चढला आणि वरूनच ओरडला, “रश्मी, वर ये! बघ इथं!”

सोलर प्लेटवर ओलं गोणपाट अंथरलेलं होतं. चार कोपऱ्यांना चार दगड.

“मावशी, हे गोणपाट कुणी टाकलं?”

“म्याच,” छबूबाई खालून कौतुकाने म्हणाली. “येवढी म्हागाची काच, ह्या उनात तडकली मंजी? नऊ वाजले की टाकते पानी मारून, दिवस बुडता काढते. रोज! एक दिस चुकले न्हाई. तुमी आलात त्या दिशी बी, तुमची फटफटी गेल्यावर टाकलं.”

आसारामला हसू आवरेना. तो छतावरच मटकन बसला. छबूबाई गोंधळली. रश्मी खाली उतरली, तिच्याजवळ बसली आणि सांगितलं की ती काच ऊनच खाते, त्यावरच पेटी जगते. सकाळच्या दोन तासांच्या उन्हावर बिचारी दुपारपर्यंत कशीबशी तग धरायची.

छबूबाईचा चेहरा उतरला. सूप खाली ठेवून ती म्हणाली, “आगं बया! मंग मी तिला उपाशी मारली की गं रोज! तुजी नौकरी जायाची का आता?”

“तुमच्यामुळे नाही जायची, मावशी. उलट तुम्ही गोणपाट टाकलं नसतंत तर माझी चूक मला कळलीच नसती. उद्या बॅटरी गेली असती, वीज पडली असती, कुणी वायर कापली असती, तरी हेच झालं असतं.”

छबूबाईला ते कितपत पटलं कोण जाणे, पण तिने दोघांना ताक पाजल्याशिवाय सोडलं नाही.

शेडमध्ये कुलथे सरांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. “सुटलो! त्या बाईंना सांगा गोणपाट काढायला, चौक्यांवर पाटी लावा, ‘प्लेट झाकू नये’. झालं काम.”

“नाही झालं, सर. पेटी कधीतरी मरणारच. एक मेली की बाकीच्यांनी वेड्यासारखं करायचं, असं कसं चालेल? मला आठ दिवस द्या. आणि साहेबांना दुपारचं बोलवा. त्यांनाच म्हणायचं, हवी ती पेटी बंद करा.”

आसाराम दारात उभा होता. तो म्हणाला, “सर, द्या तिला आठ दिवस. तिला तिची चूक सापडलीय. लोकांना दुसऱ्याची सापडती.”

सरांनी पंचांगात बघितल्यासारखं कॅलेंडरकडे बघितलं आणि मान हलवली.

काय करायचं ते रश्मीला दोन दिवसांतच उमगलं. ज्याच्याकडून वाट कळली त्यालाच ती उलटून सांगायची नाही, ही पहिली गोष्ट. टप्पे पंधराच्या वर गेले की वाटच नाही असं समजायचं. आणि वाट नसेल तर हवेत ओरडत बसायचं नाही. आकडे वेळेसकट पोटात ठेवायचे आणि वाट उघडली की ओळीने पाठवून द्यायचे. हे सगळं कागदावर सोपं होतं. अडचण जागेची. चिपमध्ये उरल्या होत्या फक्त एकशे नव्वद बाइट, आणि तिला हवे होते साडेतीनशे.

तिने आपलाच प्रोग्राम आईने तांदूळ निवडावेत तसा निवडला. इथले चार बाइट, तिथले सहा. तरी साठेक कमी पडत होते. शेवटी ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“सर, पेटी चालू केली की तिच्या आतल्या छोट्या पडद्यावर ‘कुलथे इन्स्ट्रुमेंट्स, अहमदनगर, आपले स्वागत आहे’ असं इंग्रजीत सरकत जातं ना...”

“माझ्या वडिलांच्या नावाची कंपनी आहे, रश्मी.”

“पेटी कुलूपबंद असते, सर. स्वागत कुणाचं होतं?”

सर कळवळले. मग म्हणाले, “‘कुलथे’ तरी राहू दे.” रश्मीने ‘के आय’ ठेवलं. दोन अक्षरांवर सौदा मिटला.

नऊ कोऱ्या चिपांत नवा प्रोग्राम भरला, त्या चांदीच्या कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवल्या, आणि डबा मांडीवर घेऊन रश्मी एम-एटीवर बसली. दोन दिवसांत सगळ्या पेट्यांत नव्या चिपा पडल्या. तिने सात बंद करून बघितली. आठ आणि नऊने चारच मिनिटांत ‘वाट नाही’ म्हणून तोंड मिटलं. सहापर्यंतचे आकडे बिनघोर येत राहिले. सात चालू केली, तशी आठ-नऊने साठवलेलं सगळं भडाभडा ओतलं. ती आनंदाने भरावावर एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिली. कालव्यात धुणं धूत असलेल्या दोन बायकांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग आसारामकडे. तो म्हणाला, “पास झाली ती.”

बारा मेला दुपारी दोन वाजता साहेब आले. उंच, कमी बोलणारे. कुलथे सरांनी भाषण सुरू केलं, ते त्यांनी हाताने थांबवलं. पडद्यावर नऊ ओळी, नऊ आकडे.

“कुठलीही पेटी बंद करू?” साहेबांनी रश्मीलाच विचारलं.

“हो सर. कुठलीही.”

ती मनात सात-सात म्हणत होती.

“चार,” साहेब म्हणाले.

चार बंद केली की पलीकडच्या पाच पेट्या एकदम तुटणार. असं तिने टेबलावर बघितलं होतं, कालव्यावर नाही. पण आता माघार कुठली? साहेबांनी चौक्यांचा फोन फिरवला. तो जुना फोन सगळ्या चौक्यांना एकाच तारेवर. एकाला केला की नऊ ठिकाणी घंटा वाजायची आणि ज्याला सवड असेल तो ऐकत बसायचा. “चार नंबर, पेटी अर्धा तास बंद ठेवा,” साहेब म्हणाले.

पडद्यावरची चौथी ओळ थांबली. मग पाच, सहा, सात, आठ, नऊ. त्यांच्यापुढे एकापाठोपाठ ‘वाट नाही’ आलं. पहिल्या तीन ओळी मात्र दर पाच मिनिटांनी घड्याळासारख्या बदलत राहिल्या. कुलथे सर तीन ग्लास पाणी प्याले. अर्ध्या तासाने साहेबांनी पुन्हा फोन केला, चार चालू झाली. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला पाच नंबरचे आकडे यायला लागले, सगळे, वेळेसकट, मागचा अर्धा तास भरून काढत. मग सहा. मग सात, आठ, आणि शेवटी नऊ.

सरांनी रश्मीचा हात धरून जोरजोराने हलवला. साहेब मात्र पुढे वाकून नऊ नंबरची ओळ वाचत होते.

“हे काय आहे?” त्यांनी बोट ठेवलं. दोन वाजून वीसला नऊची पातळी चार इंचांनी उतरली होती आणि दोन चाळीसला परत वर आली होती.

रश्मी पडद्याजवळ आली. “सर, बाकीचे आकडे बरोबर आहेत. हा आकडाही... पेटीने मोजला तसाच आहे.”

“तो बरोबरच आहे,” साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. “नऊच्या वरच्या अंगाला तिथल्या पाटकऱ्याच्या, पुंजारामच्या, शेतात पाणी नेणारी एक चारी आहे. तिची पाळी परवा. पेट्या बंद पडल्याचं फोनवर ऐकून कुणीतरी वीस मिनिटं दरवाजा उचलला.” त्यांनी फोन उचलला. “नऊ नंबर, पुंजाराम आहे का? दोन वीस ते दोन चाळीस. काय भिजवलंत?”

नऊ चौक्यांवर नऊ माणसं श्वास रोखून ऐकत असणार. मग बारीक आवाज आला, “लिंबं, साहेब.”

साहेबांनी पुढच्या पाळीत पुंजारामच्या चारीची बरोबर वीस मिनिटं कापली आणि कुलथे सरांना दोन शाखांचं काम दिलं. त्या संध्याकाळी शेडमध्ये भेळ नव्हे, जिलेबी आली. बन्सी साळवेंनी घरी सगळी हकीगत दोनदा सांगायला लावली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती स्वतः तीनदा सांगितली. नंतरच्या दोन वेळा बंद पडलेल्या पेट्यांची संख्या वाढत गेली.

आठवड्याने रश्मी आणि आसाराम नऊ नंबरवर तपासणीला गेले. आता आपल्यावर हा माणूस डूख धरून असणार, या काळजीत ती होती. पुंजाराम कंबरेवर हात ठेवून वाटेतच उभा.

“मॅडम, एक विचारू? त्या दिशी फोनवर म्हणले, पेट्या मुक्या झाल्या. आता मुकी झाली मंजी आंधळी झाली आसं न्हाई, हे आमाला आधी सांगाया पायजे हुतं का न्हाई?”

“सांगायला पाहिजे होतं,” ती म्हणाली.

“मंग! वीस मिन्टाचं पानी गेलं माझं.” एवढं बोलून त्याचा राग संपला. तो आत जाऊन तांब्याभर सरबत आणि तीन पेले घेऊन आला.

आसारामने पेल्यात वाकून बघितलं. “ही त्याच पान्याची लिंबं काय?”

“ती अजून झाडाला हायेत,” पुंजाराम म्हणाला. “ही पाळीची हायेत. प्या बिनघोर.”

आणि लिंबाच्या बागेच्या सावलीत बसून तिघं ते सरबत प्यायली. रश्मीने दुसरा पेला मागून घेतला.